‘ताई, हिच्यात काही हाये का?’

प्रश्न विचारणारी दारातच उभी होती. सकाळचे साडेआठ वाजले होते. प्रतापनगरातल्या चार घरच्या पोळ्या आटोपून ती पाचव्या घरी निघाली होती. पदराला हात पुसत म्हणाली, "ताई, खरं सांगा. माझ्या पोट्टीत काही हाये का? असंन तर खेळू देतो, नसंन तर शिवणक्लासात टाकतो. दोन्हीकडून गेली असं नको व्हाले."

मी म्हटलं, आत ये, चहा घे. चहा झाला, उत्तर काही झालं नाही.

तिची मुलगी सातवीत आहे. आमच्या मंडळातर्फे आम्ही तिघी-चौघी जणी वस्तीतल्या मुलींना आठवड्यातून चार दिवस मैदानावर नेतो. बास्केटबॉल हा खेळ काही आम्ही विचार करून निवडला नाही. जवळच्या मैदानावर दोन रिंगा होत्या आणि क्लबचे सर चांगल्या मनाचे होते, एवढंच कारण. मी कोच नाही. पण वस्तीतल्या बायकांना वाटतं, ताई रोज मैदानावर असतात, म्हणजे त्यांना कळत असेल.

मैत्रिणींनो, कळत नव्हतं, हीच तर गोष्ट आहे.

गेल्या मे महिन्यात क्लबचं उन्हाळी शिबिर होतं. नागपूरचा मे म्हणजे तुम्हाला सांगायला नको. सकाळी सहा ते आठ, त्यानंतर कोर्टच्या सिमेंटवर पाय ठेवता येत नाही. सर म्हणाले, "ताई, तुमच्या नऊ मुलींपैकी दोघींची फी माफ करतो. नावं तुम्हीच द्या." मी अर्ध्या मिनिटात दिली. पहिलं नाव अर्थातच सर्वांत उंच मुलीचं. दुसरं, जी सगळ्यात जास्त बास्केट टाकायची तिचं. पोळ्यावाल्या बाईंची ही मुलगी मला आठवलीसुद्धा नाही. चण बारीक, अंगात भावाचा जुना टी-शर्ट, आणि बास्केट तर तिची क्वचितच व्हायची.

आता गंमत बघा, हीच चूक कोणीतरी माझ्या बाबतीत केली होती, फक्त उलट्या बाजूने. सातवीत मी पाच फूट चार इंच होते. वर्गाच्या फोटोत मागच्या रांगेत मधोमध उभी आहे, शेजारच्या मुली माझ्या खांद्याला. पीटीच्या सरांनी मला न विचारता बास्केटबॉलच्या संघात घातलं. "तू फक्त रिंगखाली उभी राहा, हात वर कर," एवढंच माझं प्रशिक्षण. तीन वर्षं मी हात वर करून उभी राहिले! ड्रिबल शिकले नाही, कारण गरज पडली नाही. दहावीच्या फोटोत मी दुसऱ्या रांगेत आहे. मी पाच फूट पाचवर थांबले आणि बाकीच्या मुली वाढत राहिल्या. ज्या गुणासाठी मला घेतलं होतं तोच गेला, आणि दुसरा कुठला माझ्याजवळ नव्हता. मी खेळ सोडला तेव्हा कोणाला वाईट वाटलं नाही. मलाही नाही.

त्या वेळी वाटलं, आपल्यात काही नव्हतंच. आज कळतं की माझ्यात काय होतं हे कोणी पाहिलंच नव्हतं, पाहिली होती ती उंची.

डॉक्टर मंडळी सांगतात की मुलींची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती साधारण अकरा-बाराव्या वर्षी, मुलांची त्यानंतर दोनेक वर्षांनी. पाळी सुरू झाली की मुलींची वाढ मंदावते. पण हे ‘साधारण’ झालं. एखादीची उडी नवव्या-दहाव्या वर्षीच लागते, एखादीची तेराव्या. म्हणजे एकाच बाकावर बसणाऱ्या दोन सातवीतल्या मुलींमध्ये शरीराच्या वयाने तीन-चार वर्षांचं अंतर असू शकतं. एक अजून पोर, दुसरी जवळजवळ बाई. दोघींना एकाच कोर्टवर उभं करायचं आणि जी रेटून पुढे जाईल ती ‘टॅलेंटेड’ म्हणायची, हे म्हणजे अर्धा तास आधी चढवलेली डाळ आणि आत्ता चढवलेली डाळ एकदम उतरवून ‘ही डाळच चांगली’ म्हणण्यासारखं आहे.

जन्माच्या महिन्याचं तर आणखी वेगळं. वयोगट ठरतात ते १ जानेवारी धरून. माझी ती उंच मुलगी जानेवारीतली आणि ही बारकी नोव्हेंबरातली. कागदावर एक वय, प्रत्यक्षात दहा महिन्यांचा फरक. कॅनडात हीच गोष्ट आइस हॉकीच्या बाबतीत लक्षात आली होती. रॉजर बार्न्सली नावाचे मानसशास्त्रज्ञ पत्नीला घेऊन सामना बघायला गेले होते. पत्नी पॉला छापील कार्यक्रमपत्रिका वाचत बसल्या होत्या आणि खेळाडूंच्या जन्मतारखा बघून त्यांनीच नवऱ्याला विचारलं, हे सगळे जानेवारी-फेब्रुवारी-मार्चचेच कसे? त्यावर १९८५ मध्ये शोधनिबंध झाला. निवडलेल्या मुलांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेले सर्वांत जास्त आणि शेवटच्या तीन महिन्यांतले सर्वांत कमी निघाले. (नवरा सामना बघत होता आणि बायको वाचत होती, म्हणून हे जगाला कळलं. असो.) शेवटच्या तीन महिन्यांत जन्मलेल्या मुलांना अक्कल कमी असते असं तर नाही ना? त्यांना फक्त वाढायला दिवस कमी मिळाले, आणि निवड आधीच होऊन गेली.

तर आमचं शिबिर सुरू झालं. दोघी आत खेळू लागल्या. तिसऱ्या दिवशी बघते तर ही बारकी जाळीच्या बाहेर उभी, कडेवर धाकटा भाऊ. आतल्या मुलींना ओरडून सांगत होती, "मागं बघ, मागं! ती सुटली!" आमच्या गल्लीत पीटीच्या एक निवृत्त बाई राहतात, त्या फिरायला आल्या होत्या. त्यांनी मला कोपराने ढोसलं. "ती बाहेरची पोरगी कोण गं? तिला आत घे." मी म्हटलं, बाई, दोनच जागा होत्या. बाई म्हणाल्या, "मग आजची एक वर्गणी माझ्याकडून. आणि तू एक कर. बॉलकडे बघू नकोस. दहा मिनिटं फक्त एकाच मुलीकडे बघ, मग दुसरीकडे."

हे करून बघा, फार अवघड आहे. डोळे आपोआप बॉलमागे पळतात. पण मी केलं.

आधी उंच मुलगी. बॉल तिच्या हातात असला की ती खेळत असायची, बॉल पलीकडे गेला की तिचा खेळ संपायचा. वेणी घट्ट कर, बुटाची लेस बघ. तिला दोष नाही, मीही हेच करत होते. मग ती बास्केट टाकणारी. हात सुरेख तिचा, खरंच सुरेख. पण बॉल मिळाला की तिला दुसरं कोणी दिसायचंच नाही, आणि बास्केट हुकली की नजर थेट काठावर उभ्या असलेल्या वडिलांकडे जायची.

आणि मग ही. बॉल तिच्याकडे यायच्या आधी ती दोनदा मान वळवून मागे बघायची. सुरुवातीला मला वाटलं, भावाकडे बघते. नाही! कोण कुठे उभं आहे ते बघून ठेवत होती. त्यामुळे बॉल हातात आला की इतरांसारखा तिला विचार करायला वेळ लागत नव्हता, तो आधीच झालेला असायचा. एकदा तिने मोकळ्या जागेत पास फेकला. तिथे कोणीच नव्हतं. बॉल बाहेर. सगळ्या ओरडल्या, "आंधळी हायेस का?" बाई हळूच म्हणाल्या, "आंधळी बाकीच्या आहेत. तिथे मैत्रीण पोचायला हवी होती." पण खरी गोष्ट त्यानंतरची. ओरडा खाऊन ती रुसली नाही, कोणाला बोलली नाही. सगळ्यांच्या आधी पळत आपल्या रिंगखाली जाऊन डिफेन्सला उभी राहिली. आणि पुढच्या वेळी त्याच मैत्रिणीला पास देताना क्षणभर थांबली, तिचं तोंड वळू दिलं, मग हळू बॉल दिला. म्हणजे मैत्रीण किती वेगाने समजते हे तिने एका चुकीत ओळखलं आणि आपला खेळ तिच्या मापाचा केला. बारा वर्षांची पोर! मला चाळिशी ओलांडून मंडळाच्या बैठकीत हे जमत नाही.

आणखी एक. सरांनी डाव्या हाताने लेअप शिकवला. सगळ्यांनी दोन-चार वेळा केला, जमला नाही, उजव्याने सुरू केला. हिलाही जमला नाही. दुसऱ्या दिवशी पावणेसहाला मी फाटकाशी पोचले तर ही फाटक उघडायची वाट बघत बाहेरच्या भिंतीवर डाव्या हाताने बॉल मारत होती. आठवड्याने दहातले तीन जमू लागले, महिन्याने सहा. मुलीला आज काय येतं, हे मी इतके दिवस बघत होते. पण आजच्यात आणि पुढच्या सोमवारच्यात किती फरक पडला, हे बघायला हवं होतं. त्याला मोजपट्टी लागत नाही, पण रोज तिथे हजर असावं लागतं. निवड चाचणीचे परीक्षक एक दिवस येतात, त्यांना हे दिसणार कसं?

उंचीला काही किंमतच नाही असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं खोटं होईल. रिंग दहा फुटांवर आहे, म्हणजे ३.०५ मीटर. १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या व्यायामशाळेच्या कठड्याला पीचच्या टोपल्या ठोकल्या तेव्हापासून ती तिथेच आहे, आणि कोणाच्या कष्टांची दया येऊन ती खाली येणार नाही. उंची हे माहेरून आलेलं सोनं. असलं तर उत्तमच. पण पोरगी संसार कसा करेल हे सोन्यावरून कळत नाही.

पंजाबातल्या बल्लो के या खेड्यातला सतनाम सिंग सात फूट दोन इंच उंच. २०१५ मध्ये डॅलसच्या संघाने त्याला ५२व्या क्रमांकावर निवडलं, एनबीएत निवड झालेला तो पहिला भारतीय. केवढा अभिमान वाटला होता सगळ्यांना! पण एनबीएच्या मुख्य स्पर्धेतला एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही, पुढे तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला. त्याच्या मेहनतीला मी नाव ठेवत नाही, खेड्यातून तिथवर पोचणंच मोठं. पण त्याच्याइतका उंच आणखी कोण सापडतो, हेच आपण शोधत राहिलो. याच्या उलट २०१४ मध्ये सर्बियाच्या निकोला योकिचला ४१व्या क्रमांकावर निवडलं तेव्हा टीव्हीवर खाण्याच्या पदार्थांची जाहिरात चालू होती म्हणे. उंच तोही आहे, पण स्थूल, उडी बेताची. त्याच्याकडे होती ती नजर. २०२१, २०२२ आणि २०२४ मध्ये तो एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आणि मायकेल जॉर्डनची गोष्ट तर मुलांच्या पुस्तकांत असते. १९७८ मध्ये शाळेच्या मुख्य संघातली जागा त्याच्याहून उंच वर्गमित्राला मिळाली आणि पंधरा वर्षांच्या जॉर्डनला कनिष्ठ संघात खेळावं लागलं. एक बारकावा मात्र सांगताना सगळे विसरतात. त्याला घरी पाठवलं नव्हतं. कनिष्ठ संघ होता, रोज खेळायला मिळत होतं. आपल्याकडे कनिष्ठ संघ कुठे असतो? नाव आलं नाही की घरी.

आपल्या नागपूरचंच बघा ना. दिव्या देशमुख लहान असताना थोरल्या बहिणीबरोबर बॅडमिंटनला जायची, पण तिचा हात नेटपर्यंत पोचत नव्हता, म्हणून तिला बुद्धिबळाला घातलं. २०२५ च्या जुलैत बातुमीला तिने महिलांचा विश्वचषक जिंकला, एकोणिसाव्या वर्षी. त्या बॅडमिंटन हॉलमध्ये पाच वर्षांच्या दिव्याकडे बघून कोणी काय म्हटलं असतं? आणि बास्केटबॉलचं म्हणाल तर २०२३ मध्ये हांगझोऊला आशियाई स्पर्धा झाल्या, तेव्हा ‘तीन-तीन’च्या भारतीय संघात आपली सिया देवधर होती. मुख्य संघाची कर्णधार पुण्याची शिरीन लिमये. म्हणजे मुली इथून जातात. वाट आहे.

तीन-तीनचा खेळ मला आमच्या मुलींसाठी फार आवडतो. अर्धं कोर्ट, एकच रिंग, एका बाजूला तिघी. नुसतं रिंगखाली उभं राहून चालतच नाही, तिघींना सगळंच करावं लागतं. मी शाळेत असताना हा असता तर दहा मिनिटांत माझं पितळ उघडं पडलं असतं, आणि कदाचित मी ड्रिबल शिकले असते. लहान मुलांसाठी मिनी बास्केटबॉलमध्ये रिंग ८ फूट साडेसहा इंचांवर असते आणि चेंडू पाच नंबरचा, हेही मला गेल्या वर्षीच कळलं. मुलींचा चेंडू सहा नंबरचा, मुलांचा सात. आमच्या मैदानावरचे चारही चेंडू सात नंबरचे. बारा वर्षांची बारकी पोर मोठा चेंडू दहा फुटांवर फेकणार कशी? मग ती कमरेतून झटका देऊन फेकते आणि आपण म्हणतो, हिचा हात चांगला नाही.

तर ऑगस्टमध्ये चौदा वर्षांखालील निवड चाचणी झाली. मी तिघींना घेऊन गेले. कुठे, कोणी घेतली, ते सोडा. आधी भिंतीला टेकवून उंची मोजली. मग पाच-पाचचे संघ करून दहा मिनिटं खेळवलं. एकमेकींची नावं माहीत नसलेल्या मुली, कोण पास देणार? जिच्या हातात बॉल तीच पळते. आमची बारकी मोकळ्या जागा शोधत धावत राहिली, तिच्याकडे बॉल आलाच नाही. उंच मुलीची निवड झाली. परत येताना ऑटोत ती उंच मुलगी रडत होती! मला म्हणाली, "काकू, मला नाही जायचं. मला आवडतच नाही ते. सगळे म्हणतात उंच आहेस म्हणून खेळ." आणि बारकी तिची समजूत घालत होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. एकीला नको ते मिळालं, दुसरीला हवं ते नाही. आणि सुरुवात माझ्याच अर्ध्या मिनिटाने झाली होती.

निवड समितीवर बोट ठेवणं सोपं आहे. पण त्यांच्याही आधी आपल्या घरात एक निवड समिती बसलेली असते, आणि तिच्या अध्यक्षा आपणच. आठवीत पाळी आली की "आता पुरे", नववीत ट्यूशन लागली की "दहावीनंतर बघू", आणि संध्याकाळी सातला अंधार पडतो म्हणून हिवाळाभर सुट्टी. चड्डीवर खेळण्याचं तर विचारूच नका. १८९३ मध्ये अमेरिकेत स्मिथ कॉलेजच्या मुलींचा सामना झाला तेव्हा पुरुष प्रेक्षकांना आत येऊ दिलं नव्हतं. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लोटला, आणि आमच्या वस्तीतल्या आया अजून विचारतात, "तिथं पोट्टे असतात का?" माझ्या तीन वर्षांत सर्वांत चांगल्या वाटलेल्या मुली मला कुठल्याही चाचणीत हरताना दिसल्या नाहीत. त्या आठवी-नववीत यायच्याच थांबल्या. एक दिवस येतात, दोन दिवस नाही, मग विचारलं तर आई सांगते, "तिले आता इंटरेस नाही राहिला."

परवा पोळ्यावाल्या बाईंना पुन्हा बोलावलं. खरं सांगायचं ठरवलं होतं. आधी उंचीचा हिशेब मांडला. डॉक्टर करतात तो हिशेब तुम्हीही घरी करू शकता. मुलीसाठी बापाच्या उंचीतून १३ सेंटिमीटर वजा करायचे, त्यात आईची उंची मिळवायची आणि निम्मं करायचं. उत्तरात साडेआठ सेंटिमीटर इकडेतिकडे. बाप ऑटो चालवतो, १६५ सेंटिमीटर. आई १४७. उत्तर आलं साडेएकोणपन्नास वर शंभर. म्हणजे मुलगी पाच फुटांच्या आत-बाहेर, नशीब जोरावर असलं तर पाच फूट दोन इंच. मग मी मगसी बोग्जचं सांगितलं, पाच फूट तीन इंचांचा माणूस एनबीएत चौदा वर्षं खेळला. पण लगेच हेही सांगितलं की तसा एकच झाला, त्यावर पोरीचं आयुष्य लावू नकोस.

"म्हंजे नाही हाये काही?" तिने विचारलं.

"आहे," मी म्हटलं. "तिला खेळ दिसतो. इतर मुलींना बॉल दिसतो, तिला खेळ दिसतो. आणि ती शिकते. पण तो गुण तिला कुठवर नेईल हे मला सांगता येणार नाही, सरांनाही नाही. बाराव्या वर्षी कोणालाच सांगता येत नाही. नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा असतात, रेल्वेत मुली लागतात, हे सगळं खरं आहे, पण त्यासाठी खेळू देत असशील तर वचन देत नाही. दोन वर्षं दे. नववीत जाईपर्यंत. तोवर शिवणक्लास रविवारी."

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "धाकट्याले संध्याकाळी कुठं ठेवू?"

मी म्हटलं, मैदानावर आण. जाळीच्या आत. मी बघते.

"अन् बूट? दोन वर्षांत पाय वाढंन का नाही तिचा?"

ह्याचा हिशेब मात्र माझ्याकडे नव्हता. निवृत्त बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, एक नंबर मोठे घे, पुढे कापूस भर, दिवाळीपर्यंत चालतील.